नवऱ्याला कंपनी इराकला पाठवतेय, प्रवास विमा तिथे खरंच कामी येतो का?

अबोली_फोंडा · सोमवार, रात्री 10.20

नमस्कार मंडळी. इथे बऱ्याच जणांच्या घरचं कुणी ना कुणी आखातात किंवा बोटीवर आहे, म्हणून तुम्हालाच विचारते.

माझा नवरा वेर्ण्याच्या वसाहतीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरणारी यंत्रं ते बनवतात. त्यातलं एक यंत्र इराकमध्ये एर्बिलला गेलंय. ते उभं करून, चालवून, तिथल्या माणसांना शिकवून यायला पुढच्या महिन्यात 22 दिवसांसाठी त्याला पाठवतायत. एचआरने "प्रवास विमा काढलाय, काळजी नसावी" असं लिहून पॉलिसीची पीडीएफ पाठवली. पहिल्या पानावर मोठे आकडे आहेत: उपचारांना 1 लाख डॉलर, सामान हरवलं तर अमुक, विमान चुकलं तर तमुक.

काल मुलगी झोपल्यावर मी ती पीडीएफ शेवटपर्यंत वाचली. 27व्या पानावर बारीक अक्षरांत "यासाठी भरपाई मिळणार नाही" अशी यादी आहे. युद्ध, मग ते जाहीर झालेलं असो वा नसो, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, यादवी, बंड, लष्करी उठाव. आणि त्याच्या आधी शब्द आहेत, "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे". ते वाचल्यापासून झोप लागत नाहीये. एर्बिलवर जानेवारी 2024 मध्ये इराणची क्षेपणास्त्रं पडली होती, ते मला माहीत आहे. मला ज्याची भीती वाटते तेच जर वगळलेलं असेल, तर हा विमा कशासाठी?

म्हापसेकर · सोमवार, रात्री 10.48

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. पाठवू नका. यंत्र बसवायला कंपनीला दुसरा माणूस मिळेल. 2014 साली मोसुलला आपले 39 कामगार पळवले. चार वर्षं घरच्यांनी वाट पाहिली आणि एप्रिल 2018 मध्ये पेट्या आल्या. कुठल्या विम्याने त्यांचं काय भागलं असतं?

अबोली_फोंडा · सोमवार, रात्री 11.05

म्हापसेकरदादा, राग कसला. मीही पहिल्या दिवशी हेच म्हटलं. पण त्याने ते यंत्र स्वतः जुळवलंय आणि त्याचं जायचं ठरलंय. घराचा हप्ताही आहेच. तो जाणार हे धरून मला काय करता येईल, एवढंच विचारायचं आहे.

दावे_टेबल · मंगळवार, सकाळी 7.15

अबोलीबाय, पणजीत एका विमा कंपनीत 26 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ दाव्यांच्या टेबलावर. निवृत्त आहे, कुणाची पॉलिसी विकायची नाही. जरा सविस्तर लिहितो.

प्रवास विम्यात लोक देश बघतात. "इराक चालतं का?" ते विचारायलाच हवं, कारण काही पॉलिसींत "जगभर" लिहून खाली काही देश नावानिशी वगळलेले असतात. पण दावा येतो तेव्हा टेबलावर आधी कारण बघतात. तुमच्या मिस्टरांना एर्बिलला अपेंडिक्स झालं, पाय घसरून हाड मोडलं, ताप चढला, तर इराक पॉलिसीत असेल तर पैसे मिळायला हवेत. तेच हाड ड्रोनचा तुकडा लागून मोडलं, तर ते 27वं पान उघडतं. माणूस तोच, हॉस्पिटल तेच, बिलही तेच.

आता तुम्ही "अप्रत्यक्ष" शब्दावर बोट ठेवलंत, ते बरोबर ठेवलंत. भांडणं तिथेच होतात. हल्ल्यात जखमी होणं हे प्रत्यक्ष. पण हल्ल्यामुळे रस्ता बंद झाला, हृदयविकाराचा माणूस चार तास उशिरा पोचला, तर? काही अधिकारी "अप्रत्यक्ष" म्हणून नाकारायला बघतात. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. वगळलेल्या कारणानेच नुकसान झालं हे सिद्ध करायची जबाबदारी विमा कंपनीवर असते, तुमच्यावर नाही. आणि कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर कोर्ट पॉलिसी लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरतं. म्हणून घटनेचे कागद त्याच दिवशी गोळा करणं फार मोलाचं. डॉक्टरने केसपेपरवर पहिल्या ओळीत काय लिहिलं, त्यावर पुढचं सगळं चालतं.

दहशतवाद हा युद्धापासून वेगळा मोजतात. काही पॉलिसींत तो मर्यादित रकमेपर्यंत घेतलेला असतो, काहींत पूर्ण वगळलेला. तो शब्द तुमच्या पीडीएफमध्ये कुठे आहे ते शोधा.

परराष्ट्र मंत्रालयाची सूचना हेही एक कलम असतं. "तिथे प्रवास टाळा" असं सरकारने सांगितल्यानंतर तिकीट काढलं, तर पॉलिसी हात वर करू शकते. सूचना आधी की तिकीट आधी, या तारखांवर मी दावे अडलेले पाहिलेत. आणि युद्ध पेटल्याच्या बातम्या आल्यावर धावत जाऊन काढलेला विमा त्या युद्धासाठी कामाचा नाही. माहीत असलेल्या संकटाचा विमा होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वेगळ्याच ओळीची वाटते. ते तिथे हातात पाना घेऊन यंत्र बसवणार ना? बिझनेस ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक वेळा "अंगमेहनतीचं काम" वगळलेलं असतं. मीटिंगला जाणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिलेली असते. यंत्राखाली बोट सापडलं तर क्षेपणास्त्राची गरजच नाही, दावा तसाच परत येईल. ही ओळ आहे का बघा, आणि मला सांगा.

अबोली_फोंडा · मंगळवार, सकाळी 8.02

काका, आहे. 29व्या पानावर. "हाताने करायचं श्रमाचं काम, यंत्रं उभारणं, उंचीवरचं काम". मी ती ओळ काल वाचून पुढे गेले होते. दहशतवाद युद्धाच्याच यादीत आहे. आता ऑफिसला निघते, हात थरथरतायत.

तारवटी_चिखली · मंगळवार, दुपारी 1.30

दावेबाबांनी सांगितलं ते सगळं खरं. बोटीवरच्यांसाठी थोडं वेगळं आहे, ते लिहितो, कारण गोव्यात हा धागा वाचणारे निम्मे बोटीवालेच असतील.

बोटीवर काम करणाऱ्याने साध्या प्रवास विम्यावर विसंबूच नये. विमानतळापासून बोटीपर्यंत फार तर तो चालेल. बोटीवर चढल्यावर आपलं कंत्राट आणि मालकाचा विमा हेच खरं. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी बोटींवर हल्ले सुरू केले. गॅलक्सी लीडर पकडली, तिचे 25 खलाशी जानेवारी 2025 पर्यंत, म्हणजे 14 महिने अडकून होते. मार्च 2024 मध्ये ट्रू कॉन्फिडन्सवर तीन खलाशी मेले. त्या दिवसांत आमची बोट सुएझकडे निघाली होती. कॅप्टनने मेसमध्ये सगळ्यांना बोलावून एक कागद वाचून दाखवला. आयबीएफच्या, म्हणजे बोटमालक आणि खलाशी संघटनांमधल्या जागतिक, करारात असलेल्या बोटीवर, "युद्धसदृश क्षेत्र" ठरवलेल्या पाण्यात जायला खलाशी नाही म्हणू शकतो. मालकाने स्वतःच्या खर्चाने त्याला घरी पाठवायचं. जो जातो त्याला त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट.

आम्ही 21 जण होतो. चौघांनी नाही म्हटलं. मी गेलो, कारण माझी मुलं मोठी आहेत. त्या चौघांना कुणी एक शब्द बोललं नाही, हे मला अजून बरं वाटतं.

ज्यांची बोट त्या करारात नाही, त्यांनी सही करण्याआधी मॅनिंग एजन्सीला (बोटीवर माणसं भरणाऱ्या) हाच प्रश्न लेखी विचारावा. एजन्सीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का हेही बघा. आणि बोटीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी मालकाच्या आर्थिक हमीचं सर्टिफिकेट लावलेलं असतं, जानेवारी 2017 पासून ते बंधनकारक आहे. मालकाने बोट सोडून दिली तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च त्यातून निघतो. चढल्या दिवशी त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवा.

सासष्टीचो_पूत · मंगळवार, संध्याकाळी 6.40

1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझे बाबा तिथे होते, गॅरेजमध्ये. बस्रा, बगदाद, मग वाळवंटातून जॉर्डनची हद्द. अम्मानला तंबूत अकरा दिवस. तिथून एअर इंडियाने मुंबई. त्या वेळी 1 लाख 70 हजारांवर माणसं आपल्या सरकारने अशी आणली. बाबांकडे अंगावरचे कपडे, पासपोर्ट आणि आईने दिलेली सोन्याची साखळी, एवढंच होतं. कंपनीचा विमा होता, पण युद्ध म्हटल्यावर तो कागदच राहिला.

पैसे आले ते वेगळ्याच वाटेने. संयुक्त राष्ट्रांनी 1991 साली नुकसानभरपाई आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या पैशातून द्यायचे म्हणून. कुवेत किंवा इराक सोडून यावं लागलेल्या एकट्या माणसाला ठरावीक रक्कम, 2,500 किंवा 4,000 डॉलर. कुटुंबाला 5,000 किंवा 8,000. फॉर्म परराष्ट्र मंत्रालयामार्फत गेले. बाबांचा दावा मान्य झाला कारण त्यांनी कुवेतचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी आणि जॉर्डनच्या हद्दीवरचा शिक्का जपला होता. त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने घाबरून ओळखपत्र वाटेत टाकलं. त्याला तीच गोष्ट सिद्ध करायला वर्षं लागली.

अबोलीताई, म्हणून सांगतो: कामाचं पत्र, व्हिसा, शिक्के, सगळ्याचे फोटो रोज तुमच्याकडे येऊ द्या.

म्हापसेकर · मंगळवार, संध्याकाळी 7.10

हे माहीत नव्हतं. काल मी नुसतं "पाठवू नका" म्हटलं. ताई, एर्बिलला भारताचा वाणिज्य दूतावास आहे, 2016 पासून. पोचल्या दिवशी तिथे नाव नोंदवायला सांगा. आणि माझा मेहुणा तिकडे जाऊन आलाय, तो सांगतो की एर्बिल ज्यात येतं त्या कुर्दिस्तानचा व्हिसा फक्त कुर्दिस्तानपुरता चालतो. मोसुल गाडीने दीड-दोन तासांवर. कंपनीचा ग्राहक "चला, तिथलंही यंत्र बघून येऊ" म्हणाला तरी त्या व्हिसावर जायचं नाही.

दावे_टेबल · मंगळवार, रात्री 8.25

म्हापसेकर, हा मुद्दा फार कामाचा. बेकायदा हद्दीबाहेर गेलेल्या माणसाचा दावा, मग तो साध्या अपघाताचा का असेना, उभा राहणं कठीण.

पेडण्याची_शीतल · मंगळवार, रात्री 9.50

युद्धाचं नाही, पण धोक्याच्या जागेचंच आहे म्हणून लिहिते. 2019 साली आत्येला घेऊन नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरला गेलो. टूरवाल्याने "विम्यासकट" म्हणून पैसे घेतले होते. परिक्रमेच्या पहिल्या मुक्कामी, दिरापुकला, आत्येचा श्वास लागायला लागला. रात्री दोनला तिच्या छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज यायला लागला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. तिबेटच्या बाजूने हेलिकॉप्टर मिळत नाही. गाडीने खाली तकलाकोट, मग नेपाळच्या हद्दीवरचं हिल्सा, आणि हिल्साहून हेलिकॉप्टरने सिमीकोट, पुढे नेपाळगंज. आत्ये वाचली. ती आज आमच्या परसात अबोली माळत बसते.

बिल साडेचार लाखांच्या घरात गेलं. दावा नाकारला: "4,500 मीटरच्या वरची पदयात्रा समाविष्ट नाही". परिक्रमा जिथून सुरू होते ते दारचेनच त्या उंचीच्या वर आहे, आणि डोल्मा ला खिंड 5,600 मीटरच्या वर! म्हणजे ज्या यात्रेसाठी विमा दिला, त्या यात्रेच्या पहिल्या पावलालाच तो संपत होता. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही वाचलं नाही. कैलासला जाणाऱ्यांनी, अन्नपूर्णा-एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांनीही, पॉलिसीत मीटरचा आकडा शोधावा. आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या सहाय्य क्रमांकावर फोन झालाच पाहिजे. आम्ही तो दुसऱ्या दिवशी केला, तेही त्यांनी पत्रात लिहिलं.

दावे_टेबल · मंगळवार, रात्री 10.30

शीतलबाय, लोकपालाकडे गेला होतात का? विमा कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईचं. फी नाही, वकील चालत नाही, आपणच बोलायचं. 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. कंपनीने काढलेल्या ग्रुप पॉलिसीचीही तक्रार घेतात. तुमची मुदत टळली, पण वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पेडण्याची_शीतल · मंगळवार, रात्री 10.44

नाही गेलो, काका. माहीतच नव्हतं.

डिचोलीकर_भाऊ · बुधवार, सकाळी 6.30

रात्री वाचलं, लिहू की नको असं झालं. अबोलीताई, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही.

माझा धाकटा भाऊ मस्कतला होता. 41 वर्षांचा, झोपेत गेला. हल्ला नाही, अपघात नाही. त्याला घरी आणायला 17 दिवस लागले. मृत्यूचा दाखला, शव रसायन घालून टिकवल्याचा दाखला, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, यातला एक कागद नसला तरी विमान घेत नाही. आई रोज सकाळी विचारायची, "आज येतलो?" मला उत्तर देता यायचं नाही.

विमा होता, आणि त्यात मृतदेह परत आणण्याचा खर्च होता. पण त्याच्या खोलीतल्या मित्रांना ते माहीत नव्हतं. त्यांनी वर्गणी काढून एका एजंटला पैसे दिले. नंतर कंपनी म्हणाली, आमची परवानगी न घेता व्यवस्था केली, त्यामुळे पूर्ण रक्कम देता येत नाही. पॉलिसी क्रमांक भावाच्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईलला पासवर्ड.

कुणाकडेच काही नसेल तर दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी असतो, 2009 पासूनचा. गरजूंना त्यातून मदत होते. हेही आम्हाला नंतर कळलं.

तुमच्या मिस्टरांबरोबर तिथे जो कोणी असेल, हॉटेलवाला का असेना, त्याच्याकडे पॉलिसी क्रमांक आणि सहाय्याचा फोन कागदावर लिहिलेला असू द्या.

तारवटी_चिखली · बुधवार, सकाळी 7.05

भाऊ, लिहिलंत ते बरं केलंत.

दावे_टेबल · बुधवार, सकाळी 9.00

अबोलीबाय, आता करायचं काय ते सांगतो. फोनवर बोलू नका, ईमेल करा. एचआरच्या "काळजी नसावी"ला दाव्याच्या टेबलावर किंमत नाही. विमा कंपनीकडून या प्रश्नांची हो किंवा नाही अशी उत्तरं मागवायला सांगा: इराक, एर्बिल हे ठिकाण पॉलिसीत आहे का, यंत्र उभारणीचं काम धरलंय का, नसेल तर एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला तशी लेखी जोड, करून द्याल का, दहशतवादी हल्ल्यातली इजा धरलीय का, किती रकमेपर्यंत, युद्ध पेटलं तर तिथून बाहेर काढण्याचा खर्च कोण करेल.

शेवटच्याला उत्तर "नाही" येईल, बघा. आपल्याकडच्या साध्या पॉलिसीत ते नसतं. काही परदेशी पॉलिसींत, माणूस तिथे असताना अचानक युद्ध सुरू झालं तर पहिले थोडे दिवस संरक्षण देतात. ब्रोकरमार्फत युद्धजोखमीसकट वैयक्तिक अपघाताचा वेगळा विमाही मिळतो, हप्ता जास्त असतो. पत्रकार, तेलविहिरींवरची माणसं असाच घेऊन जातात. तुमची कंपनी यंत्र विकून डॉलर कमावतेय, 22 दिवसांचा तो हप्ता तिला जड नाही. आणि हे त्यांच्याही हिताचं आहे: भारतीय कंपनीने परदेशी कामाला पाठवलेल्या माणसाच्या भरपाईसाठी 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात 15-ब हे कलम मुद्दाम घातलं गेलं होतं. हद्दीबाहेर पाठवलं म्हणून जबाबदारी सुटत नाही.

सरकार आणतं हे खरं. 2015 ला येमेनमधून, 2022 ला युक्रेनमधून, 2023 ला सुदानमधून आणलं. पण बोट बंदरात किंवा विमान सीमेपलीकडे लागतं. तिथपर्यंतची गाडी, हॉटेल, अडकलेले दिवस, हे ज्याचं त्याला.

अबोली_फोंडा · शुक्रवार, रात्री 9.15

दोन दिवस गायब होते. सांगते.

काकांचे प्रश्न इंग्रजीत करून नवऱ्याने त्याच्या नावाने पाठवले. एचआरच्या बाईंनी आधी फोन केला, "इतकं कशाला?" तो म्हणाला, "लेखी द्या." दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं उत्तर आलं. इराक आहे. यंत्र उभारणी नाही, पण जादा हप्ता भरून घेता येईल. दहशतवाद नाही. युद्धाच्या वेळी बाहेर काढणं नाही. चार ओळी, पण आता मला नेमकं कळलंय की कशात काय आहे.

मग तो थेट मालकांच्या केबिनमध्ये गेला. ते शांतपणे वाचत राहिले आणि म्हणाले, गेली पाच वर्षं आमची माणसं याच पॉलिसीवर जात होती. नायजेरियाला, सुदानलाही. 29वं पान कुणी वाचलं नव्हतं. यंत्र उभारणीची एन्डॉर्समेंट आज आली. ब्रोकरकडून युद्ध आणि दहशतवादासकट अपघात विमा सोमवारपर्यंत येतोय, त्याच्याबरोबर जाणाऱ्या फिटरसाठीही. तो फिटर दहावी नापास आहे. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते अशी नोंद) आहे, म्हणून त्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा वेगळा घ्यावा लागेल. हप्ता दोन वर्षांना 275 रुपये अधिक कर. तो आमच्या घरी येऊन बसला होता. म्हणाला, "वहिनी, माझ्या बायकोलाही हे सगळं समजावून सांगशील?" उद्या ती येतेय.

बाहेर काढण्याचा खर्च कंपनी करेल, असं पत्र मालक लेटरहेडवर देतायत.

डिचोलीकरभाऊ, तुमचं वाचून मी पॉलिसी क्रमांक आणि सहाय्याचा फोन मार्करने त्याच्या टूलबॅगच्या झाकणावर आतून लिहिला, आणि त्याच्या पासवर्डसकट सगळं माझ्या वहीत. लिहिताना रडले, पण लिहिलं.

डिचोलीकर_भाऊ · शुक्रवार, रात्री 9.40

फिटरच्या टूलबॅगेवरही लिहा, बाय.

दावे_टेबल · शुक्रवार, रात्री 10.05

अपघात विम्याची पॉलिसी हातात आल्याशिवाय विमानात बसू देऊ नका; "प्रोसेसमध्ये आहे" चालणार नाही. सुरू होण्याची तारीख आणि वेळ तपासा, वारस म्हणून तुमचं नाव बरोबर स्पेलिंगने आहे का तेही. आणि मालकांच्या पत्राची मूळ प्रत तुमच्या कपाटात. त्याच्या बॅगेत झेरॉक्स.